वीजतंत्र्याचा परवाना : कायदा, शिक्षण आणि जबाबदारी

घरातील वा दुकानातील विजेचे काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडे सरसकट 'वायरमन' म्हणण्याची रीत आहे. हातात टेस्टर, खिशात चिकटपट्टी आणि पिशवीत पक्कड असली की तो वायरमन, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. कायद्याच्या दृष्टीने मात्र वायरमन, म्हणजेच तारतंत्री, हे एका शासकीय परवान्याचे नाव आहे. हा परवाना नसताना वायरिंगचे काम करणे आणि तो नसलेल्या माणसाकडून काम करवून घेणे, या दोन्ही गोष्टी नियमबाह्य ठरतात. हा परवाना कोण देते, त्यासाठी कोणते शिक्षण लागते, त्याच्या पुढच्या पायऱ्या कोणत्या आणि त्याबरोबर कोणती जबाबदारी अंगावर येते, याची माहिती या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तर हवीच. परंतु घराचे वायरिंग करवून घेणाऱ्या सामान्य ग्राहकालाही ती असावयास हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांवर नजर टाकली, तर विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात असे दिसते. परवान्याचा कागद हा केवळ सरकारी सोपस्कार नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे.

कायद्याचा आधार

भारतात विजेच्या कामाचे नियमन दीर्घकाळ १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाखाली आणि त्याखाली केलेल्या १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनुसार होत असे. या नियमांतील ४५ वा नियम या व्यवसायाचा पाया होय. पुढे विद्युत अधिनियम, २००३ हा नवा कायदा १० जून २००३ पासून अमलात आला. त्याच्या ५३ व्या कलमाने सुरक्षाविषयक विनियम करण्याचे अधिकार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला दिले. त्यानुसार प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम जारी केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कायदे बदलले, क्रमांक बदलले; परंतु जुन्या ४५ व्या नियमाचे सूत्र कायम राहिले.

ते सूत्र असे : कोणत्याही ग्राहकाच्या जागेतील वीजसंचाचे काम, मग ते नवे असो, वाढीव असो, फेरफाराचे असो वा दुरुस्तीचे असो, राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत ठेकेदारानेच केले पाहिजे. ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे. आणि प्रत्यक्ष हात लावणारा माणूस शासनाचा परवाना असलेला, अथवा ज्याचा परवाना शासनाने मान्य केला आहे असा, असला पाहिजे. ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशी ही तीन पदरी व्यवस्था आहे.

या नियमाला एक व्यवहार्य अपवादही आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलावयाचे असेल आणि त्यामुळे वीजसंचाची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर त्यासाठी परवानाधारकाची सक्ती नाही. जळालेला बल्ब घरमालकाने स्वतः बदलला तर तो नियमभंग नव्हे. मात्र त्याच घरात वातानुकूलन यंत्रासाठी नवी लाइन ओढणे, पाणी तापविण्याच्या गिझरसाठी वेगळा पॉइंट काढणे किंवा मीटरपासून नवी मुख्य तार टाकणे हे या अपवादात बसत नाही. नेमक्या याच कामांत गल्लत होते आणि 'एवढ्याशा कामाला कुठे परवाना' असे म्हणून ती उरकली जातात.

तीन परवाने, तीन जबाबदाऱ्या

पहिली पायरी तारतंत्री परवान्याची. हा परवाना व्यक्तीला मिळतो. तो असलेला माणूस स्वतःच्या हाताने वायरिंग करू शकतो; परंतु केवळ या परवान्याच्या बळावर तो स्वतंत्रपणे ठेका घेऊ शकत नाही वा वीज कंपनीला द्यावयाच्या चाचणी अहवालावर ठेकेदार म्हणून स्वाक्षरी करू शकत नाही.

दुसरी पायरी पर्यवेक्षकाच्या सक्षमता प्रमाणपत्राची. पर्यवेक्षक हा कामाच्या तांत्रिक अचूकतेला जबाबदार असतो. कोणत्या जाडीची तार वापरावयाची, भार किती विभागावयाचा, अर्थिंग कसे करावयाचे, हे ठरविणे व तपासणे हे त्याचे काम होय.

तिसरी पायरी विद्युत ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीची. ही अनुज्ञप्ती व्यक्तीला वा संस्थेला मिळते. ठेकेदाराकडे प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक आणि परवानाधारक तारतंत्री असावे लागतात. तसेच इन्सुलेशन मोजण्याचा मेगर, अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर, विद्युतप्रवाह मोजणारा टाँग टेस्टर यांसारखी उपकरणे असावी लागतात. ग्राहकाशी करार होतो तो ठेकेदाराचा, आणि कामाबद्दल उत्तरदायी असतो तोही तोच.

महाराष्ट्रात ही तिन्ही प्रकारची कागदपत्रे राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेतील अनुज्ञापक मंडळाकडून दिली जातात. या यंत्रणेचे प्रमुख असलेल्या मुख्य विद्युत निरीक्षकांचे कार्यालय मुंबईत चेंबूर येथे आहे आणि ठिकठिकाणी विद्युत निरीक्षकांची कार्यालये आहेत. बाजारात या परवान्याला अजूनही 'पीडब्ल्यूडी लायसन्स' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे नवखे उमेदवार सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यालयात चकरा मारतात. अर्ज तेथे नव्हे, तर विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे करावयाचा असतो. वीज पुरविणारी महावितरण कंपनी देखील हा परवाना देत नाही. ती पुरवठादार आहे. परवान्याचा अधिकार शासनाचा आहे. हा भेद लक्षात ठेवलेला बरा.

शिक्षणाची वाट

या व्यवसायात येण्याचा सर्वांत सरळ मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, जातो. येथे दोन अभ्यासक्रम एकमेकांशेजारी उभे आहेत : वीजतंत्री आणि तारतंत्री. दोन्हींचा कालावधी दोन वर्षांचा आहे. वीजतंत्री अभ्यासक्रमाला दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. तारतंत्री अभ्यासक्रमाची अट आठवी उत्तीर्ण इतकी आहे. दोन्हींतील फरक नावापुरता नाही. तारतंत्र्याच्या अभ्यासाचा भर वायरिंग, जोडण्या, वितरणपेट्या आणि इमारतीतील वीजसंच यांवर असतो. वीजतंत्र्याला त्याबरोबरच मोटारी, रोहित्रे, जनित्रे, त्यांचे स्टार्टर व नियंत्रक मंडळे यांचे शिक्षण मिळते. कारखान्यात नोकरी करावयाची असेल तर वीजतंत्री, आणि इमारतींच्या वायरिंगमध्ये हात बसवावयाचा असेल तर तारतंत्री, असा ढोबळ हिशेब करता येईल. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला तारतंत्री अभ्यासक्रम हे एक उघडे दार आहे, हेही विसरता कामा नये.

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होतात. वीजतंत्री हा नेहमीच अधिक मागणी असलेला अभ्यासक्रम असल्याने पसंतीक्रम भरताना तारतंत्रीचाही विचार करावा. अभ्यासक्रमाअंती अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. परवान्याच्या अर्जासोबत जोडावयाचे मुख्य कागदपत्र ते हेच.

प्रमाणपत्रानंतर शिकाऊ उमेदवारीचा टप्पा येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखाने, वीज कंपन्या, रेल्वे आणि परिवहन उपक्रम यांना प्रशिक्षणार्थी घ्यावे लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. वर्गात शिकलेले आणि चालू लाइनवर शिकलेले यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. काम करण्याआधी पुरवठा बंद करणे, तो बंद झाल्याची खात्री टेस्टरवर न विसंबता करणे, बंद केलेल्या स्विचवर सूचनाफलक लावणे आणि कुणी चुकून तो चालू करू नये म्हणून कुलूप घालणे या सवयी उमेदवारीतच अंगवळणी पडतात. उमेदवारी पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठीही आयटीआयचे वीजतंत्री वा तारतंत्री प्रमाणपत्र मागितले जाते. त्यामुळे हा मार्ग स्वतंत्र व्यवसाय आणि नोकरी अशा दोन्ही दिशांना जातो.

शिक्षण पुढे चालू ठेवू इच्छिणाऱ्यांना दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनाच्या पदविका अभ्यासक्रमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. विद्युत अभियांत्रिकीची पदविका वा पदवी आणि विहित अनुभव यांच्या आधारे पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पदवीधर अभियंत्यालाही प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पदवी ही पात्रता आहे. परवाना हा अधिकार आहे.

हातात कला आहे, कागद नाही

या व्यवसायातील खरी अडचण आयटीआय झालेल्यांची नाही. ती उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांची आहे. बाराव्या-पंधराव्या वर्षी शिडी धरण्यापासून सुरुवात केलेला, पुढे भिंतीत झिरी पाडून पाइप टाकण्यात, फॅनच्या हुकापासून वितरणपेटीपर्यंत सारे काम करण्यात तरबेज झालेला माणूस शहरोशहरी दिसतो. त्याच्या हाताला यश असते. पण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसते. अशा अनुभवी कामगारांसाठी परीक्षेची वाट आहे. अनुज्ञापक मंडळाच्या परीक्षेला बसून, अनुभवाचा दाखला देऊन, परवाना मिळविता येतो. अनुभवाचा दाखला अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराचा असेल तर तो ग्राह्य धरला जाण्यास अडचण येत नाही. म्हणूनच ज्याच्याकडे काम शिकावयाचे त्या ठेकेदाराकडे स्वतःची अनुज्ञप्ती आहे ना, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे. दहा वर्षे राबल्यावर 'मालकाकडेच लायसन्स नव्हते' असे कळणे हे कामगाराचे मोठे नुकसान होय.

परीक्षेची धास्ती घेण्याचे कारण नाही. विचारले जाते ते रोजच्या कामातलेच असते : ओहमचा नियम, एकसर व समांतर जोडणी, जिन्यातील एक दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करण्याची जोडणी, मोटारीचा स्टार्टर, तारेच्या जाडीची निवड, फ्यूज आणि एमसीबी यांतील फरक, अर्थिंगचे प्रकार, विजेचा धक्का बसलेल्या माणसावरील प्रथमोपचार. अनुभवी कामगाराला हे सारे हाताने येते; शब्दांत मांडण्याचा सराव तेवढा करावा लागतो. आकृती काढण्याची सवय नसणे ही अशांची नेहमीची उणीव असते. रोज एक जोडणी कागदावर काढली, तरी दोन-तीन महिन्यांत ती भरून निघते.

पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली २०१५ पासून पूर्वकौशल्याला मान्यता देणारी प्रमाणपत्रेही दिली जाऊ लागली. ती उपयुक्त आहेत; परंतु त्यांना विद्युत परवाना समजू नये. कौशल्याचे प्रमाणपत्र आणि राज्य शासनाचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

अर्ज करताना

अर्जासोबत सर्वसाधारणपणे शैक्षणिक व व्यवसाय प्रमाणपत्रे, अनुभवाचा दाखला, वय व पत्ता यांचे पुरावे, छायाचित्र व स्वाक्षरी आणि शुल्क भरल्याची पावती ही कागदपत्रे लागतात. अर्जांची प्रक्रिया आता ऑनलाइन झाली असली, तरी नावातील फरक हे अर्ज अडकण्याचे नेहमीचे कारण राहिले आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तिसरे, असा प्रकार असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. परवाना ठराविक मुदतीचा असतो. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्यावे; मुदत उलटलेला परवाना हा परवाना नसल्यासारखाच होय. शुल्क व मुदतीत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्जाच्या वेळी अधिकृत संकेतस्थळावरील तपशील पाहावा आणि मध्यस्थाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

परवाना राज्य शासनाचा असल्याने राज्याची सीमा ओलांडताना काळजी घ्यावी. बेळगावात परवाना घेतलेला तारतंत्री कोल्हापुरात काम करू लागला, किंवा सिंधुदुर्गातला ठेकेदार गोव्यात ठेका घेऊ लागला, तर त्या राज्याच्या शासनाने तो परवाना मान्य केलेला असावा लागतो. नियमातील 'दिलेला अथवा मान्य केलेला' या शब्दांचा अर्थ हाच आहे.

चाचणी अहवाल : सहीची किंमत

नव्या वीजजोडणीसाठी अर्ज करताना वीज कंपनी अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागते. या अहवालात वीजसंचाचा भार, वायरिंगचे स्वरूप आणि चाचण्यांचे निष्कर्ष नोंदविलेले असतात. घरगुती दाबाच्या संचात प्रत्येक विद्युतवाहक तार आणि जमीन यांच्यामध्ये मेगरने ५०० व्होल्ट दाब एक मिनिट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजावयाचा असतो आणि तो किमान १ मेगाओहम असावा लागतो. अर्थिंगचा रोध, फेज व न्यूट्रल यांची योग्य जोडणी आणि बटण फेजच्या तारेवरच आहे ना, याचीही तपासणी करावयाची असते. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो खरा. पण होल्डरमध्ये वीज जिवंतच राहते आणि बल्ब बदलणाऱ्याचा घात होतो.

या अहवालावरील सही हीच या संपूर्ण व्यवस्थेची कसोटी आहे आणि तिची सर्वाधिक विटंबनाही येथेच होते. काम एकाने करावयाचे आणि सही दुसऱ्याने विकावयाची, असा प्रघात अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. अनुज्ञप्तीधारक जागा पाहत नाही, मेगर पिशवीतून बाहेर निघत नाही, आणि ठरलेल्या रकमेला कोऱ्या अहवालावर सही मिळते. ग्राहकाला वाटते, कागद पूर्ण झाला. प्रत्यक्षात त्याच्या घराची तपासणी झालेलीच नसते. अशा सहीने तीन माणसांचे नुकसान होते. ग्राहकाचा जीव टांगणीला लागतो. ज्या कारागिराने काम केले त्याच्या नावावर अनुभव जमा होत नाही. आणि सही करणारा, न पाहिलेल्या कामाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर ओढवून घेतो.

ही जबाबदारी कागदोपत्री नाही. विद्युत अधिनियमाच्या १६१ व्या कलमानुसार विजेच्या अपघाताची सूचना द्यावी लागते आणि त्याची चौकशी विद्युत निरीक्षकांमार्फत होऊ शकते. वायरिंग कोणी केले, अहवालावर सही कोणाची, परवाना वैध होता का, हे प्रश्न त्या चौकशीत पुढे येतात. हयगयीने मृत्यूस कारण होणे हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली येई, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. काही शे रुपयांना विकलेली सही किती महाग पडू शकते, याचा विचार अनुज्ञप्तीधारकांनी जरूर करावा.

ग्राहकाने काय पाहावे

मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरपासून पुढची ग्राहकाची, हे तत्त्व ध्यानात ठेवावे. कंपनीचा लाइनमन घरातील वायरिंग दुरुस्त करण्यास बांधील नाही. काम देताना ठेकेदाराची अनुज्ञप्ती आणि तिची मुदत पाहण्यास मागावी. त्यात संकोच बाळगू नये. काम पूर्ण झाल्यावर मेगर आणि अर्थ टेस्टर लावून आपल्यासमोर चाचणी करण्यास सांगावे आणि अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. तारांचे रंग पाहावेत : फेजसाठी लाल, पिवळा वा निळा, न्यूट्रलसाठी काळा आणि अर्थिंगसाठी हिरवा, असा आपल्याकडील संकेत आहे. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला आहे का, ते पाहावे. एमसीबी तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करतो तो आरसीसीबी. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही याची खात्री करून घ्यावी.

हीच दक्षता गणेशोत्सव, नवरात्र वा लग्नसमारंभाच्या मांडवातही हवी. भर पावसात, ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांना लगटून टाकलेल्या आणि चिकटपट्टीने जोडलेल्या तारा हे अपघाताला आमंत्रणच असते. तात्पुरत्या जोडणीलाही अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराचा अहवाल लागतो तो याचसाठी. मंडळांनी रोषणाईवर केलेल्या खर्चाचा थोडा अंश अर्थिंग आणि आरसीसीबीवर केला, तर उत्सव निर्विघ्न पार पडेल.

वीजतंत्र्याच्या व्यवसायाला आज मागणी आहे आणि पुढेही राहील. छपरावरील सौर पटले, विजेवर चालणाऱ्या वाहनांचे चार्जिंग, घरोघरी वाढलेली वातानुकूलन यंत्रे यांमुळे जुन्या वायरिंगवरील भार वाढत आहे आणि जाणत्या हातांची गरजही. मात्र हा व्यवसाय असा आहे की, येथील चूक झाकली जाते आणि भिंतीआड दडून राहते. ती उघड होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. परवाना म्हणजे भिंतीआडच्या त्या कामाला कोणीतरी नावानिशी उत्तरदायी आहे, याची ग्वाही. ज्याच्या हातात कला आहे त्याने ती ग्वाही स्वतःच्या नावाने द्यावी. आणि ज्याचे घर आहे त्याने ती मागून घ्यावी.